काळ्या घोड्यापासून जिनिव्हापर्यंत: एक दंगल आणि तिची दफ्तरं

अभिलेखागारं आणि पोर्टलं पारखायला प्रश्न एकच घेतला आहे. फेब्रुवारी १९२९, मुंबई. पठाण पोरं पळवून नेताहेत, बडोद्याच्या पुलाच्या पायात बळी द्यायला ती हवी आहेत, अशी आवई शहरात उठली आणि पठाण दिसेल तिथे मार खाऊ लागला. त्याआधी डिसेंबर १९२८ मध्ये तेल कंपन्यांच्या कामगारांनी संप केला होता आणि त्यांच्या जागी पठाण भरले गेले होते. गिरणी कामगाराच्या डोक्यात पठाण तसाही सावकार म्हणूनच बसलेला: पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर काठी घेऊन उभा. हाणामारी पुढे हिंदू-मुसलमान दंगलीत गेली आणि सरकारने चौकशी समिती नेमली.

पोटासाठी लांबून आलेला समाज, त्याच्या अख्ख्या जमातीवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का, आणि त्याच समाजाचा संप फोडायला झालेला वापर, हे तिन्ही एका प्रकरणात. वंशद्वेष, स्थलांतर आणि संघटित गुन्हेगारी यांचा इतिहास लिहिणं हेच ज्याने करिअर म्हणून निवडलं आहे, त्याला मुंबईत राहून कोणतं अभिलेखागार आणि कोणतं पोर्टल किती उपयोगी पडतं, याचं हे परीक्षण. ‘पठाण, १९२९’ हा प्रश्न जिथे लागू पडतो तिथे तो घालून पाहायचा, जिथे नाही तिथे त्याच्या जवळचा.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ‘वंशद्वेष’ किंवा ‘संघटित गुन्हेगारी’ हे शब्द जुन्या याद्यांत सापडणार नाहीत. यादी करणारा कारकून सरकारचा होता आणि त्याने सरकारला जे डोकेदुखी वाटलं त्याची नावं लिहिली. तेव्हा सेवा चांगली की वाईट हे ठरवताना इमारत, पंखे, फोटोकॉपी यांच्याकडे दुय्यम म्हणून बघा. खरा माल म्हणजे यादी. ती कोणत्या शब्दांत लिहिली आहे हे ज्याला लवकर कळतं, त्याचे महिने वाचतात.

सुरुवात राज्य अभिलेखागारापासून. फोर्टात, काळ्या घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. हे दफ्तर १८२१ पासूनचं. नेताना संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र, फोटो असलेलं ओळखपत्र आणि दोन-तीन पेन्सिली न्याव्यात. जुन्या कागदांजवळ शाईचं पेन चालत नाही, हा जगभरचा नियम. पत्रात विषय नेमका पण कालखंड रुंद लिहून घ्या. ‘पठाण सावकार, १९२९’ एवढंच लिहिलं तर १९११ चा खंड मागताना खुलासे करावे लागू शकतात. ‘मुंबई शहरातील स्थलांतरित आणि पोलीस, १८६० ते १९४७’ असं लिहिलं की काम मोकळं.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडवायची सवय असलेल्याला इथली रचना वेगळी वाटेल. इथे बांधलेले जाड खंड आहेत, विभागवार आणि वर्षवार. एकोणिसाव्या शतकातलं पोलीस, तुरुंग, दंगे, वेश्याव्यवसाय हे सगळं ज्युडिशियल विभागात. संस्थानं आणि परदेशी वकिलातींशी झालेला पत्रव्यवहार पोलिटिकलमध्ये. विसाव्या शतकातलं राजकीय पोलिसी काम, संप, दंगली, भाषणांचे गुप्त अहवाल होम (स्पेशल) मध्ये. एका खंडात अनेक प्रकरणं शिवलेली असतात, प्रत्येक प्रकरणाला काँपिलेशन म्हणतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो. मागणीच्या चिठ्ठीवर विभाग, वर्ष, खंड आणि काँपिलेशन हे चारही हवेत. नवखा संशोधक खंडाचा आकडा लिहितो आणि काँपिलेशनचा विसरतो. मग वीतभर जाडीचा खंड समोर येतो आणि आपलं प्रकरण कुठे आहे हे शोधण्यात दुपार जाते. दुसरी चूक याहून महाग पडते: टिपण घेताना पानाचा आकडा लिहायचा आणि काँपिलेशनचा सोडायचा. दोन वर्षांनी तळटीप लिहायला बसलं की ते टिपण कवडीमोलाचं ठरतं, कारण पानांचे आकडे प्रत्येक काँपिलेशनबरोबर नव्याने सुरू झालेले असू शकतात.

आता आपला प्रश्न. १९२९ साठी ज्युडिशियलच्या याद्या चाळण्यात अर्थ नाही, जायचं होम (स्पेशल) कडे. तिथे ‘पठाण’ या एका शब्दावर थांबू नये. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला होता, गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी मे महिन्यात स्थापन झाली होती, आणि २० मार्च १९२९ ला मीरत कटाच्या, म्हणजे कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या, खटल्यासाठी धरपकड झाली. म्हणजे दंगलीच्या आठवड्यांत पोलिसांच्या डोक्यात कम्युनिस्ट होते. चौकशी समितीनेही युनियनच्या पुढाऱ्यांच्या भाषणांवर बोट ठेवलं. त्यामुळे पठाणांवर झालेल्या हल्ल्यांचे कागद कम्युनिस्ट, तेल कामगारांचा संप, दंगल, लष्कराला पाचारण, अफवा अशा पाच-सहा शीर्षकांखाली विखुरलेले असतात. पठाण हा त्या फायलींत बळी म्हणून येतो, संपफोड्या म्हणून येतो, आणि ‘उपद्रवी परका’ म्हणूनही येतो. कोणत्या फायलीत तो कोण आहे याचा तक्ता करून ठेवला तर प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच उभं राहतं.

अशीच गोष्ट गोऱ्यांची. वंशभेदाचा इतिहास म्हटला की आपण नेटिवांवरच्या अन्यायाचे कागद शोधत बसतो. पण १८६९ आणि १८७४ चे युरोपियन व्हेग्रन्सी कायदे बघा. गोरा माणूस फाटक्या कपड्यांत भीक मागताना नेटिवांना दिसला तर राज्यकर्त्या जमातीची अब्रू जाते, म्हणून त्याला उचलून वर्कहाउसात टाकायचा आणि जमलं तर जहाजात घालून परत पाठवायचा. युरोपियन वेश्या आणि त्यांचे दलाल यांना परदेशी नागरिकांच्या १८६४ च्या कायद्याखाली हद्दपार करण्याचा पत्रव्यवहारही याच जातीचा. यादीत हे ‘व्हेग्रंट्स’ आणि ‘फॉरिनर्स’ या शब्दांखाली शोधायचं. हे कागद वंशभेदाचे आहेत असं त्यांच्या पाठीवर कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि अफू! अभिलेखागाराच्या दारातून बाहेर पडलं की शेजारीच डेव्हिड ससून ग्रंथालय. ज्या पुतळ्यावरून या चौकाला नाव पडलं तो घोड्यावरचा सातवा एडवर्ड अल्बर्ट ससूनने दिलेला. तो १९६५ मध्ये हलवला, आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, आणि चौकात २०१७ पासून स्वाराविना नवा घोडा उभा आहे. ससून घराणं बगदादहून आलेलं, म्हणजे स्थलांतरित, आणि त्यांच्या व्यापारात अफू मोठी. मुंबईत तीच अफू सरकारी फी भरून कायदेशीरपणे जहाजात चढायची आणि चीनमध्ये १८५८ पर्यंत चोरटा माल म्हणून उतरायची. म्हणून तिचे कागद गुन्ह्यांच्या विभागात सापडत नाहीत, महसुलाच्या विभागात सापडतात. विषय ‘संघटित गुन्हेगारी’ असेल तर रेव्हेन्यू विभाग वगळणारा अभ्यासक अर्धा विषय वगळतो. याउलट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत खलाशांमार्फत चोरून येणाऱ्या कोकेनचे कागद मात्र अबकारी आणि पोलीस या दोन्हीकडे बघावे लागतात.

खंड उघडल्यावर काय दिसतं? वर खालच्या अधिकाऱ्याचं पत्र, त्याच्या समासात वरिष्ठांचे पेन्सिलीतले शेरे, मागे जोडलेले अर्ज. अर्ज मराठीत, गुजरातीत, कधी मोडीत, तळाशी सह्या किंवा अंगठे. त्याला टाचलेला इंग्रजी तर्जुमा ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीतला. बहुतेक संशोधक तर्जुमा उतरवून घेतात आणि मूळ अर्ज उलटून पुढे जातात. तसं करू नका. तर्जुम्यात विनंतीचा सूर सपाट होतो, शिव्या गळतात, जातीचं नेमकं नाव जाऊन ‘लो कास्ट’ राहतं. मोडी येत नसेल तर अभिलेखागाराचे मोडीचे प्रशिक्षण वर्ग असतात, ते करून टाकावेत. शहरी गुन्हेगारीसाठी मोडी नित्य लागत नाही. पण जिथे लागते तिथे गाडं तिथेच अडतं.

मर्यादाही सांगायला हवी. ठिसूळ झालेला खंड वाचकाच्या हाती देत नाहीत आणि ते योग्यच आहे. म्हणून एका दिवसासाठी एकच मागणी घेऊन जाऊ नये, पर्यायी चार-पाच क्रमांक वहीत हवेत. आमचं मत: मुंबईत याला तोड नाही, पण इथे तयारीशिवाय जाणं म्हणजे मुहूर्त न बघता सरकारी कचेरीत जाण्यासारखं. पाचपैकी चार.

अभिलेख पटल. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल. नोंदणी फुकट, घरी बसून स्कॅन बघता येतात. लोकलमध्ये उभ्याने वाचता येईल असं हे एकमेव अभिलेखागार म्हणायला हरकत नाही. पण त्याचा शोध कसा चालतो हे न कळल्यामुळे लोक फसतात. शोध फायलीच्या शीर्षकावर चालतो, आतल्या मजकुरावर नाही. ‘पठाण’ टाकून काही आलं नाही म्हणजे काही नाही, असं समजू नका. प्रत्येक प्रांताकडून दिल्लीला पंधरा दिवसांनी राजकीय परिस्थितीचा अहवाल जायचा. मुंबईतली दंगल त्यात असणारच. पण फायलीचं शीर्षक फक्त ‘अमुक महिन्याचे पाक्षिक अहवाल’ एवढंच. तेव्हा विषयाने शोधण्यापेक्षा होम विभाग, पोलिटिकल शाखा, साल १९२९ असं चाळत जाणं जास्त फळ देतं. कंटाळवाणं आहे, खरं आहे.

शब्दांची रूपंही बदलतात. ‘सिदी’, म्हणजे आफ्रिकी वंशाचे लोक, हा शब्द रोमन अक्षरांत शेवटी एक आय घालून, दोन ई घालून, मध्ये दोन डी घालून, असं किमान तीन तऱ्हांनी येतो. लस्कर म्हणजे जहाजावरचे आपले खलाशी, त्यांचंही तेच. पठाणांसाठी ‘काबुली’, ‘अफगाण’ आणि ‘फ्रंटियर’ हेही टाकून बघा. शीर्षकांचा एक ठरलेला ढाचा असतो: ‘अमुक इसमास मुंबईतून हद्दपार करण्याचा प्रस्ताव’, ‘तमुक जमातीच्या वर्तणुकीबाबत तक्रार’. म्हणून माणसांच्या नावाऐवजी क्रियापदं शोधायची: हद्दपारी, रवानगी, बंदी, पासपोर्ट, परवाना. स्थलांतराचा इतिहास याच शब्दांत दडलेला आहे.

आणखी एक बारकावा. भारत सरकारच्या जुन्या प्रकरणांचे ए, बी आणि डिपॉझिट असे वर्ग असायचे. ए म्हणजे महत्त्वाचं, छापलेलं. बी आणि डिपॉझिट म्हणजे कमी महत्त्वाचं. आपल्या विषयाला बी वर्ग जास्त गोड लागतो, कारण भटक्या गोऱ्याची किंवा हाकललेल्या दलालाची फाइल व्हाइसरॉयच्या नजरेला ए दर्जाची वाटत नव्हती. फायलीच्या शेवटी के. डब्ल्यू. असा शेरा दिसला तर थांबा. ते ‘कीप विथ’, म्हणजे बरोबर ठेवलेली आतली टिपणं. छापील प्रकरणात सरकारचा निर्णय असतो, के. डब्ल्यू. मध्ये निर्णयाआधीची कुरबुर. पोर्टलला साडेतीन, त्यातला अर्धा गुण चपलांची झीज वाचवल्याबद्दल.

लंडनबद्दल थोडक्यात. ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दफ्तर, विशेषतः पब्लिक अँड ज्युडिशियलची मालिका, हे मुंबईच्या कागदांचं वरचं टोक. ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबर हल्ल्यानंतर त्यांची सूचीच बराच काळ कोलमडली होती. तिकडे जायचं तिकीट काढण्याआधी हवे ते क्रमांक उपलब्ध आहेत का, हे लेखी विचारून घ्या. मुंबई आणि दिल्ली दोन्ही पुरती चाळल्याशिवाय लंडनला जाणं म्हणजे नुसता विमानखर्च, कारण तिथे पोचलेल्या अनेक पत्रांची मूळ प्रत काळ्या घोड्यालाच आहे.

वर्तमानपत्रांकडे वळू. इथे तीन वाटा आहेत आणि तिन्ही वापराव्या लागतात. पहिली, सरकारी: देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक गोषवारे. मुंबई इलाख्यासाठी १८६८ पासून. मराठी, गुजराती, उर्दू पत्रांत काय छापून आलं त्याचा इंग्रजी सारांश सरकारसाठी काढला जायचा. फार सोयीचे, आणि म्हणूनच धोक्याचे. निवडणारा सरकारला काय जाणून घ्यायचं आहे ते निवडायचा. पठाणाच्या व्याजाबद्दलचं वाचकाचं पत्र गळतं, सरकारवरची टीका राहते. गोषवाऱ्यावरून मराठी पत्रसृष्टीचं मत ठरवणं म्हणजे पोलिसाच्या डायरीवरून गल्लीचा स्वभाव ठरवणं.

दुसरी वाट, टाइम्स ऑफ इंडियाचा १८३८ पासूनचा डिजिटल संग्रह. पैसे भरून मिळणारा, व्यक्तीला परवडत नाही, संस्थेमार्फत बघायचा. इथे मजकुरात शोध चालतो, पण जुन्या छपाईचं यंत्राने केलेलं वाचन चुकतं. जोडाक्षरांसारखी चिकटलेली रोमन अक्षरं, दोन रकान्यांच्या मधून गेलेली घडी, फिकट शाई यामुळे एखादा शब्द सुटतो. म्हणून शब्दाने न मिळालेली बातमी तारखेने शोधा. दंगलीच्या आठवड्याचे सगळे अंक पान पान उलटले तर शहराचा नकाशा समजतो: कोणत्या नाक्यावर काय घडलं, कोणत्या गिरणीची पाळी बंद होती, इस्पितळात कोण दाखल झालं.

तिसरी आणि दुर्लक्षित वाट मराठीची. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं, दादर-नायगावला. ‘नवाकाळ’ १९२३ साली सुरू झालेला, त्याचे संपादक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, आणि १९२९ मध्येच त्यांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली. दंगलीच्या वर्षात मराठी पत्र काय लिहीत होतं हे इंग्रजी गोषवाऱ्यातून वाचणं म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणं. जोडीला एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथ संजीवनी’ हे पोर्टल आहे, जुनी पुस्तकं, वृत्तपत्रं आणि नकाशे यांच्यासाठी. सोसायटी ज्या टाऊन हॉलमध्ये आहे त्याच्या पायऱ्या चढण्यापूर्वी तिथे बघून घ्यावं.

आता परदेशी संग्रह. विषय अमेरिकेतला माफिया असला तरी हा अभ्यास मुंबईत बसून बऱ्यापैकी करता येतो, कारण अमेरिकी सरकारी कागद मोठ्या प्रमाणात फुकट आहेत. तिकडचं आपल्या १९२९ ला शोभणारं भावंड म्हणजे न्यू ऑर्लीन्स. ऑक्टोबर १८९० मध्ये पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसीचा खून झाला, संशय इटालियनांवर गेला, आणि १४ मार्च १८९१ ला जमावाने तुरुंगात घुसून ११ इटालियनांना मारलं. ‘माफिया’ हा शब्द अमेरिकी वर्तमानपत्रांत घरोघरी पोचला तो याच प्रकरणाच्या आगेमागे. टोळी खरोखर होती की नव्हती याहून, शब्द आधी आला आणि संशयित नंतर, हा क्रम आपल्या पोरं पळवणाऱ्या पठाणाशी जुळतो.

या विषयातला सगळ्यात मोलाचा फुकट ऐवज म्हणजे डिलिंगहॅम आयोगाचा, म्हणजे अमेरिकी संसदेने स्थलांतराच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा, अहवाल: १९०७ ते १९११, ४१ खंड, इंटरनेट आर्काइव्हवर. त्यातला ३६ वा खंड स्थलांतर आणि गुन्हेगारीवर आहे. हा आयोग स्थलांतरितांना अनुकूल नव्हता, तरी बाहेरून आलेल्यांमुळे गुन्हे प्रमाणाबाहेर वाढले असा समाधानकारक पुरावा मिळाला नाही, असं त्याला लिहावं लागलं. आणि त्याच आयोगाच्या शिफारशींची धार पुढे १९२४ च्या स्थलांतरबंदीच्या कायद्याला लागली. आकडे वाचताना तक्त्याखालची टीप आधी वाचा: कोणत्या राज्याचे कैदी मोजले, शिक्षा झालेले की नुसते अटक झालेले, जन्माने परदेशी की आईबाप परदेशी. अटक आणि शिक्षा यांत गल्लत झाली की पोलिसांचा संशयच समाजाचा गुन्हा म्हणून छापला जातो. हीच कसोटी मुंबई पोलिसांच्या वार्षिक अहवालांतल्या तक्त्यांना लावून बघा.

अमेरिकेतल्या भारतीयांसाठी ‘साडा’ हा दक्षिण आशियाई अमेरिकनांचा डिजिटल संग्रह आहे, २००८ पासूनचा, विनामूल्य. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये ४ सप्टेंबर १९०७ ला भारतीय मजुरांवर झालेला हल्ला, १९२३ चा भगतसिंग थिंद या स्थलांतरिताच्या नागरिकत्वाबद्दलचा निकाल, ज्यात ‘गोरा’ कोण हे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, या वाटेने जाणाऱ्याला तो उपयोगी. एफबीआयच्या ‘व्हॉल्ट’वर टोळीप्रमुखांच्या फायली आहेत, पण काळे पट्टे इतके की काही पानांवर फक्त तारीख उरते. त्या फायली वाचायच्या त्या टोळीसाठी कमी आणि एफबीआयसाठी जास्त.

लंडनच्या ‘ओल्ड बेली’ न्यायालयाचा संग्रह मात्र पाचपैकी पाच. १६७४ ते १९१३, सुमारे दोन लाख खटले, सगळे फुकट, सगळ्या मजकुरात शोध. अक्षर यंत्रावर सोडलेलं नाही: जुना भाग दोनदा स्वतंत्रपणे टंकून ताडून पाहिला आहे, म्हणून शोधात शब्द फारसे सुटत नाहीत. प्रत्येक खटल्याचा क्रमांक वाचायला शिका: आधी टी, मग वर्ष, महिना, दिवस, मग त्या सत्रातला खटल्याचा आकडा. तळटिपेत हा क्रमांक दिला की वाचक थेट खटल्यावर पोचतो. ‘लस्कर’ शोधा. मुंबई-कलकत्त्याहून जहाजावर गेलेली माणसं लंडनच्या गोदीत मार खाताना, चोरी करताना, साक्ष देताना सापडतात, आणि साक्ष दुभाष्यामार्फत आली असेल तर तसं नोंदलेलं असतं. संघटित टोळीसाठी १७२५ चा जोनाथन वाइल्डचा खटला पाहा: चोर पकडणारा म्हणून मिरवणारा माणूस चोरांचीच टोळी चालवत होता. फक्त हे ध्यानात ठेवा की हे शब्दशः वृत्तांत नाहीत. विकायला छापलेली पत्रकं होती, निर्दोष सुटलेल्यांचे खटले बऱ्याचदा दोन ओळींत उरकलेले आहेत. १९१३ ला संग्रह संपतो, म्हणून आपला १९२९ चा प्रश्न इथे गैरलागू.

जिनिव्हातलं राष्ट्रसंघाचं (दोन महायुद्धांमधल्या ‘लीग ऑफ नेशन्स’चं) दफ्तर आता जवळपास दीड कोटी पानांसह ऑनलाइन आहे. बायकांच्या व्यापारावरची आणि अमली पदार्थांवरची कागदपत्रं पाहताना मुंबई बंदराचं नाव वारंवार येतं. देश म्हणून न शोधता बंदर म्हणून शोधा.

या सगळ्याचा हिशोब करिअरमध्ये कसा बसतो? जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्याला मिळणारी संशोधनवृत्ती, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. पीएच.डी.ला किमान तीन, साधारण कमाल सहा वर्षं. अभिलेखागार सरकारी वेळेत चालतं आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचे तास नेमके त्याच वेळेत असतात. त्यामुळे दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी काळ्या घोड्याला, कॉलेजच्या दिवसांतल्या संध्याकाळी पोर्टलांना, अशी विभागणी केल्याशिवाय नोकरी करून प्रबंध होत नाही. पहिल्या सहा महिन्यांत फायली वाचूच नका, फक्त याद्या उतरवून घ्या: विभाग, वर्ष, खंड, काँपिलेशन, शीर्षक, आणि आपला शेरा, असे सहा रकाने. ही एक्सेलची फाइल पुढची वीस वर्षं पुरते. मार्गदर्शक बदलला, विषय सरकला तरी ती वाया जात नाही.

राहिला १९४७ नंतरचा काळ, म्हणजे बहुतेकांना खरा रस असतो तो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीला बाजार दिला, १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याच्या काळात सोन्याची तस्करी फोफावली आणि १९९० मध्ये तो कायदा गेल्यावर त्या धंद्याचा पाया सरकू लागला, १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका कायदा आला. टोळ्यांची गोष्ट पुढाऱ्यांच्या नावांनी सांगण्यापेक्षा या कायद्यांच्या तारखांनी सांगितली तर कारणं दिसतात. कागद मात्र अभिलेखागारात कमी, खात्यांत जास्त. दहशतवादविरोधी टाडा आणि मकोका यांच्या निकालपत्रांत कबुलीजबाब मुबलक मिळतात, कारण वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब १९९५ मध्ये संपलेल्या टाडात पुरावा धरता यायचा आणि मकोकात धरता येतो. इतिहासकाराने तो जबाब आधी पोलिसांचा दस्तऐवज म्हणून वाचायचा, आरोपीचा आवाज म्हणून नंतर, आणि तोही दुसरा कागद त्याला दुजोरा देत असेल तरच.

इथे माहिती अधिकार ही सेवाच समजा आणि नीट वापरा. दहा रुपये फी, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस, नकलेचे पानाला दोन रुपये. तपासात अडथळा येईल म्हणून कलम ८(१)(ज) खाली नकार येतो. पण कलम ८(३) वाचलंत का? घटना अर्जाच्या तारखेच्या वीस वर्षं आधीची असेल तर बहुतेक अपवाद गळून पडतात, तपासाचा अपवादही. उरतात ते मुख्यतः देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. अर्जातच हे कलम लिहा. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा.

‘टोळ्यांविषयी माहिती द्यावी’ असं कधी लिहू नये. माहिती तयार करून देणं खात्याचं काम नाही, असलेल्या दस्तऐवजाची नक्कल मागायची: अमुक वर्षाचा वार्षिक अहवाल, अमुक क्रमांकाचं परिपत्रक, अमुक कालावधीतली तडीपारीच्या आदेशांची नोंदवही. हयात माणसांची आणि पीडितांची नावं झाकून दिली तरी चालेल असं स्वतःहून लिहिलं तर खासगीपणाची हरकत निम्मी संपते.

तरीही उत्तर येऊ शकतं: अभिलेख उपलब्ध नाही. तेव्हा दुसरा अर्ज करा. सरकारी कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत ठेवले जातात: अ कायमचे, ब तीस वर्षं, क पाच ते दहा, ड एक वर्ष. कागद नष्ट केला असेल तर त्याची नोंद हवी. म्हणून मागायचं ते एवढंच: सदर अभिलेखाचं वर्गीकरण कोणतं, तो कोणत्या तारखेला नष्ट केला आणि नाश यादीच्या त्या पानाची प्रमाणित प्रत. बऱ्याचदा ही यादी शोधताना मूळ फाइल सापडते.